फवारणीची बॅटरी आणि रात्रीचा डोंगा



गोसीखुर्दच्या काठावरील एका गावी धानावरचे तुडतुडे पाहायला गेलो होतो. बांधी पाहून झाली, चहा झाला, आणि घरधनी ढिवरभाऊंनी वेगळाच प्रश्न काढला. "साहेब, डोंग्यावरची बत्ती मधातच विझते. बॅटरी तं दोनच वर्षांची आहे."

बॅटरी पाहिली, तर ती फवारणी पंपाची. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची, सीलबंद. सकाळी वहिनी तिच्यावर धान फवारतात आणि रात्री भाऊ तीच काढून डोंग्यात नेतात. तुमच्यापैकी अनेकांकडे हेच चालत असेल.

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. पुढे वैनगंगा अडली आणि ३३ दरवाजांमागे पाणी पसरले. नदी होती तेव्हा अंधारातही काठ हाकेवर असे. आता वारा उठला आणि दिवा गेला, तर आपले गाव कोणत्या अंगाला हेच कळत नाही. पाण्यातले खुंट दिसत नाहीत आणि दुसऱ्या डोंग्याला आपण दिसत नाही. म्हणून हा प्रश्न मी शेतीबाहेरचा मानला नाही.

हिशेब मांडून पाहा. पंपाची मोटर साधारण ३ अँपिअर ओढते. दोन तास फवारले की ६ गेले, उरले २. पाच वॅटचा एलईडी दिवा जेमतेम ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे कागदावर पाच तास मिळायला हवेत. पण दोन वर्षे वापरलेल्या बॅटरीत ८ अँपिअर-तास उरलेलेच नसतात. मध्यरात्री बत्ती गेली यात नवल नाही.

त्याहून मोठे नुकसान आत होते. शिशाची बॅटरी पूर्ण उतरवली आणि तशीच ठेवली, तर प्लेटांवर गंधकयुक्त पांढरा थर धरतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. आठवडेच्या आठवडे राहिला तर घट्ट होतो आणि तेवढी बॅटरी कायमची गेली. मी स्वतः घरचा पंप दिवाळीला कोठ्यात ठेवला तो थेट मृगात काढला. बॅटरी मेलेली! लोकांना सांगत फिरणाऱ्याच्या घरची ही गोष्ट, तेव्हा हसून घ्या.

तेव्हा डोंगा काठाला लागला की मासळी उतरवण्याबरोबर बॅटरीही उतरवा आणि त्याच सकाळी चार्जिंगला लावा. रात्रभर फक्त दिवा जळला असेल तर साडेतीन अँपिअर-तासांच्या आसपास जातात. निम्म्याच्या आत वापर राहिला की बॅटरी पुष्कळ टिकते. वापर नसलेल्या दिवसांत महिन्यातून एकदा चार्ज करा. उन्हात तापलेल्या टिनाखाली ठेवू नका, उष्णतेने ती लवकर उतरते. छोटा मीटर घेऊन ठेवावा. चार्जर काढून काही तासांनी १२.७ किंवा जास्त दाखवले तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असेल तर त्या रात्री तिच्यावर भरवसा ठेवून पाण्यात जाऊ नका.

वीज वेळेवर नसते, ही तुमची तक्रार खरी आहे. तिथे २० वॅटचे सौर पॅनेल पुरते. पण ते डोंग्यावर नको, झोपडीच्या छपरावर दक्षिणेकडे तोंड करून बसवा. मासेमारी रात्रीची, ऊन दिवसाचे. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. १२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल उन्हात मोकळे असताना २० च्या वर व्होल्ट देते, आणि थेट जोडले तर सीलबंद बॅटरी आतून वाळते. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल.

नव्या काही पंपांत लिथियमची बॅटरी येते. तिचा चार्जर वेगळा असतो. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणून लावू नका, आग लागू शकते.

काही जण ट्रॅक्टरची बॅटरी नेतात. ती इंजिनाला क्षणभर जोराचा धक्का देण्यासाठी बनवलेली असते, पातळ प्लेटांची. रात्रभर दिवा जाळून रोज उतरवली की लवकर बसते. इन्व्हर्टरची बॅटरी त्या कामाची, पण लहान डोंग्यात तेवढे वजन मी ठेवू देणार नाही.

डोंग्याच्या तळाशी पाणी साचतेच. बॅटरी प्लॅस्टिकच्या डब्यात, फळीवर, दोरीने बांधून ठेवा आणि धनाच्या तारेला जवळच फ्यूज लावा.

माझा सल्ला भाऊंना पटला तो असा: एक बॅटरी पंपाची, दुसरी डोंग्याची. पैशाची अडचण असेल तर फवारणीच्या दिवशी जाळे टाकायला जाऊ नये. आणि पंपातून काढलेली बॅटरी ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय मासळीजवळ नेऊ नका, तिच्यावर औषधाचे शिंतोडे असतात.

मेलेली बॅटरी पाण्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, आत शिसे असते. नवी घेताना जुनी दुकानात न्या. दुकानदार ती परत घेतो आणि तिचे पैसे नव्या किमतीतून वजा करतो.