गारगोट्यांचा डबा

वाचकहो, मागच्या महिन्यात आमच्या एका जिवलग मित्राच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो होतो. सूत्रपठण झाले, जेवणे झाली, माणसे पांगली. तेव्हा वहिनींनी खाटेखालून एक पत्र्याचा डबा ओढला आणि म्हणाल्या, "भावजी, हे तुम्हा दोघांचं येड. आता याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

डब्यात दगड होते.

हा नाद आम्हाला लागला मालाड-कांदिवलीच्या दगडखाणींत. त्याचे वडील तेथे खडी फोडीत आणि आम्ही दोघे त्यांची भाकरी पोचवायला जात असू. सुरुंग उडाला की काळ्या पाषाणात मधूनच एखादी पोकळी उघडी पडे. आत काचेसारखे स्फटिक उभे असत. मुकादम म्हणे, "गारगोटी आहे, टाका खडीत." पुढे कळले की अशाच गारगोट्या परदेशातल्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात मानाने बसतात. घण मारणाऱ्याच्या हाती काय पडले, ते विचारू नका.

मित्र सातवीपर्यंत शिकलेला, कारखान्यात फिटर. पण वाचनालयात बसून त्याने सगळे समजून घेतले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला, थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत मागाहून गरम पाणी झिरपले आणि त्यातले क्षार स्फटिक होऊन बसले. यातल्या पुष्कळशांना झिओलाइट म्हणतात. तापवले की उकळी आल्यासारखे पाणी सोडतात, म्हणून १७५६ साली एका स्वीडिश शास्त्रज्ञाने ते नाव दिले. मित्राने हा प्रयोग वहिनींच्या स्टोव्हवर केला आणि बोलणी खाल्ली!

अजिंठ्याला गेलो तेव्हा आम्ही चित्रे पाहत होतो, हा नुसता हिरवा रंग पाहत होता. तो रंग हिरव्या मातीचा. तशीच हिरवी माती आपल्या पाषाणातल्या पोकळ्यांना आतून लिंपलेली असते, हे त्याने तेथेच सांगितले.

एकदा आमचे भांडणही झाले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचा गडद निळा खनिज मिळे. तो पहिल्यांदा सापडला अमेरिकेत, पण जगात नावाजले ते वाघोलीचे नमुने. निळ्या रंगावरचे आमचे प्रेम वाचकांना नव्याने सांगायला नको. आम्हाला दोघांत एकच खडा मिळाला. नाणे उडवले, तो जिंकला आणि आम्ही तीन महिने अबोला धरला. बोराएवढ्या खड्यासाठी! शेवटी तोच आमच्या दारी आला. आम्ही गेलो नाही, ही गोष्ट आता रात्री-अपरात्री आठवते.

तो खडा डब्यात होता. वहिनी म्हणाल्या, "किती धूळ होती! सगळे साबणाने घासून लख्ख केले." आम्ही ओकेनाइट शोधला. कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे, केसाहून बारीक तंतूंचे. त्याला बोट लावू नये, पाणी तर नाहीच. मित्र त्यावर फुंकरही घालू देत नसे. ते गोळे आता भिजून वाळलेल्या कापसासारखे चिकटून बसले होते.

"छान झाले ना, भावजी?"

"छान झाले, वहिनी," आम्ही म्हणालो.

एक व्यापारी सगळा डबा उचलायला तयार आहे, पण त्याला चिठ्ठ्या नकोत. चिठ्ठी म्हणजे दगडाचा जन्मदाखला. कोणत्या गावचा, कोणत्या खाणीतला, हे मित्राने बसच्या तिकिटांच्या पाठीवर लिहून प्रत्येकाखाली ठेवले होते. धुताना त्या वेगळ्या झाल्या. आता रविवारी आम्ही आणि त्याची धाकटी लेक मिळून दगड आणि चिठ्ठ्या जुळवीत बसतो. तिला बापाचे अक्षर आमच्याहून चांगले लागते. अजून एकोणीस चिठ्ठ्या उरल्या आहेत.