शब्दांचा फंडा : काय हा अवतार!

सोमवार सकाळ, डोंबिवलीहून फास्ट लोकल. चढताना कडक इस्त्री, उतरताना शर्ट बाहेर, केस पिंजारलेले, आयकार्ड पाठीवर. आईने बघितलं असतं तर एका वाक्यात निकाल लावला असता, 'काय हा अवतार!' इंग्रजीत या अवताराला एकदम परफेक्ट विशेषण आहे, डिशेव्हल्ड.

आधी उच्चार. स्पेलिंग बघून 'डिस-हेव्हल्ड' म्हणायचा मोह होतो, तो आवरा. डि-शे-व्हल्ड, आणि जोर 'शे'वर. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये दोन एल, अमेरिकनमध्ये एक. त्यामुळे मेल कुठल्या क्लायंटला चाललाय ते बघून लिहा.

शब्द आला जुन्या फ्रेंचमधून आणि त्याच्या मुळाशी आहेत केस. म्हणजे सुरुवातीला भानगड फक्त डोक्यावरची होती, कपडे नंतर त्यात आले. गंमत म्हणजे त्याचे भाऊबंदही त्याच एरियातले! 'अनकेम्प्ट' म्हणजे मुळात न विंचरलेला. 'स्क्रफी'च्या मुळाशी कोंडा, तर 'शॅबी'च्या मुळाशी खपली. इंग्रजांचा निम्मा गबाळेपणा एका चांगल्या शाम्पूने सुटला असता, बॉस!

पण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. डिशेव्हल्ड ही तात्पुरती अवस्था. वारा, गर्दी किंवा झोप तुमचं हे करते. अनकेम्प्ट म्हणजे बरेच दिवस लक्षच दिलेलं नाही. वाढलेल्या दाढीला आणि सोसायटीच्या बागेला, दोघांनाही चालतं. स्क्रफीत थोडा जिव्हाळाही असू शकतो, म्हणून तो गल्लीतल्या पिल्लालाही शोभतो. शॅबी म्हणजे जुनं, झिजलेलं, कॉलर विरलेलं. आणि 'स्लव्हन्ली' थेट सवयीवर, स्वभावावर जातो. आपल्याकडचा अजागळ!

आता अप्रेझलचा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. दोन तास प्रवास करून येणाऱ्या ट्रेनीबद्दल तुम्ही 'स्लव्हन्ली' लिहिलंत, तर लोकलच्या गर्दीचा दोष तुम्ही त्याच्या स्वभावावर टाकलात. 'शॅबी' लिहिलंत, तर त्याच्या खिशावर बोट ठेवलंत. आणि त्या खिशात पगार तुमच्याच कंपनीचा जातो.

शिवाय विस्कटलेपण सगळ्यांना सारखं परवडत नाही. बोरिस जॉन्सन २०१९ ते २०२२ ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि विस्कटलेले केस हा त्यांचा ट्रेडमार्क. ईटन आणि ऑक्सफर्ड पाठीशी असलं, की त्याला 'स्टाइल' म्हणतात. नाइट शिफ्ट संपवून थेट मीटिंगला आलेल्या मुलीला ही सवलत मिळते का? तिच्या वाट्याला बहुतेक 'अनप्रोफेशनल'च येतं.

म्हणून एक सोपा फंडा. डिशेव्हल्ड स्वतःबद्दल बिनधास्त वापरा. दुसऱ्याबद्दल लिहायची वेळ आली, तर विशेषण गाळा आणि काय हवंय ते सरळ सांगा, 'क्लायंट मीटिंगला फॉर्मल शर्ट घाल.' विस्कटलेले केस वॉशरूमच्या आरशासमोर दोन मिनिटांत जागेवर येतात. फाइलमध्ये गेलेलं विशेषण मात्र पुढच्या अप्रेझलपर्यंत तिथेच बसून राहतं.