पाघळलेल्यांची बाजू

गेल्या वर्षी आमच्या शाळेत मराठीचा एक शब्द गुन्हेगार ठरला. शब्द होता ‘पाघळणे’. नववीतल्या एका मुलाने एका मुलीला तिची वही परत द्यायची सोडून स्वतःचा डबाच पुढे केला. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘पाघळला!’’ वर्ग हसला, ती मुलगी हसली, मीही फळ्याकडे तोंड करून हसून घेतले.

गोष्ट तिथेच संपायची. पण ती शिक्षकांच्या खोलीत पोचली आणि तिथे तिचे नाव झाले ‘लफडे’. घरी कळेपर्यंत तिची ‘भानगड’ झाली होती. दिवाळीच्या सुटीनंतर मुलगी शाळेत आली नाही. मुलगा मात्र येत राहिला.

आता सांगा, यांतला अश्लील शब्द कोणता?

पावसाळ्यात गूळ पाघळतो, तसा तो पोरगा पाघळला. लट्टू होणारा भोवऱ्यासारखा जागच्या जागी गरगरतो, गोंडा घोळणारा कुत्र्याच्या पंगतीला बसतो, ‘विकेट पडली’ तर खेळातूनच बाद. या शब्दांत हसे होते ते भाळलेल्याचे. जिच्यावर तो भाळला, तिच्या अंगावर शिंतोडाही उडत नाही. ‘पटवणे’ मात्र निराळे. हुंडी पटते तशी पोरगी पटते! आणि ‘माल’ तर उघडउघड बाजारातला. या दोन शब्दांना माझ्या वर्गात दयामाया नाही.

पण आमच्या सोवळ्या मंडळींना हा भेद दिसत नाही. त्यांची सूचना अशी की, मुलांनी ‘क्रश’ म्हणावे, ते सभ्य. आमच्या गावाबाहेर खडीचा क्रशर दिवसभर धडधडत असतो. त्यामुळे असेल, त्या शब्दाने मला प्रेम काही आठवत नाही. (पुण्यामुंबईच्या वाचकांनी क्षमा करावी.) दाते-कर्व्यांनी १९४२ आणि १९४७ साली वाक्संप्रदाय कोशाचे दोन खंड काढले, ते काय सोवळे नेसून? माझ्या कादंबऱ्यांतले नायक पाघळतात, म्हणून ‘मुलांना हे तुम्हीच शिकवता’ असेही मला ऐकवण्यात आले. ऐकून घेतले.

मी त्या मुलीच्या घरी दोनदा जाऊन आलो. वडील म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमचं पटतं हो. पण चार लोक काय म्हणतील?’’ त्या चार लोकांपैकी तिघे आमच्याच शिक्षकांच्या खोलीत बसतात, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. म्हणून इथे छापून सांगतो आहे.