शेजारच्या घरातले संत

आपले आकाशकंदील अजून खाली उतरलेले नसतात, तोच पुष्कळदा १ नोव्हेंबर उजाडतो. ख्रिस्ती बांधवांचा हा ‘सर्व संतांचा दिवस’. दुसऱ्या दिवशी ते आपल्या मृतांचे स्मरण करतात, थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लावतात. पण आज बोलायचे आहे ते पहिल्या दिवसाविषयी. ज्या संतांच्या नावाची स्वतंत्र तिथी नाही, त्या साऱ्यांची सोय या एका दिवसात केलेली आहे. आपल्या सर्वपित्री अमावस्येसारखीच ही व्यवस्था, हिशेबी गृहिणीलाही पटावी अशी!

ख्रिस्ती संत म्हटला की आपल्याला हौतात्म्य आठवते. आपल्या वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियांना १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर चढवले, आणि १८६२ साली ते संत म्हणून जाहीर झाले. असे मरण थोड्यांच्याच वाट्याला येते. ज्याला रोज सकाळची लोकल गाठायची आहे आणि संध्याकाळी वाण्याचे बिल चुकते करायचे आहे, त्याने काय करावे?

फ्रान्समधल्या आलाँसाँ गावी लुई मार्तँ नावाचे एक घड्याळजी होते. त्यांची पत्नी झेली लेस विणवून घेण्याचा धंदा करी. घरोघरच्या बायका तुकडे विणून आणीत आणि झेलीबाई ते बेमालूम जोडीत. नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. रविवारी दुकान उघडले असते तर गल्ला वाढला असता, पण लुई ते उघडीत नसत. बस्स, एवढेच चरित्र! बाई १८७७ साली छातीच्या कर्करोगाने गेल्या, वय ४५. उतारवयात लुईंचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. तीन वर्षे त्यांना मनोरुग्णालयात काढावी लागली. या जोडप्याला १८ ऑक्टोबर २०१५ रोजी रोममध्ये एकत्रच संतपद मिळाले. पतिपत्नींना असे बरोबरीने मिळण्याची ही पहिलीच वेळ. मनोरुग्णालयातून आलेल्या माणसाकडे आपल्या चाळीत कसे पाहतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले मोठेपण निराळे सांगायला नको. पुढे २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी तर एका पत्रात ‘शेजारच्या घरातले संत’ असाच शब्द वापरला.

आता एक अडचण. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे की दिवा मापाखाली झाकू नये, दिवठणीवर ठेवावा. आणि त्याच प्रवचनात थोडे पुढे असेही आहे की उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नये. मग उजेड दाखवायचा की लपवायचा? मला वाटते, दिव्याला स्वतःचा उजेड दिसत नाही, यातच याचा उलगडा असावा. मार्तँ दांपत्याच्या धाकट्या लेकीकडे पाहिले की हे पटते.

तेरेझा तिचे नाव. पंधराव्या वर्षी, १८८८ साली, ती लिझ्यूच्या मठात गेली आणि १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, क्षयाने वारली. मठाबाहेर तिला कोण ओळखणार? ती आजारी असताना एका भगिनीला प्रश्न पडला होता, की हिच्या माघारी हिच्याविषयी लिहायचे तरी काय! ते वरिष्ठांच्या आज्ञेवरून तिनेच वह्यांतून लिहून ठेवले होते. १८९८ साली त्याच्या दोन हजार प्रती निघाल्या, आणि १९२५ साली ती संत झाली.

त्या वह्यांत आहे काय? प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सारखा कसलासा बारीक आवाज करी. मागे वळून एकदा रागाने पाहावे, असे तेरेझाला फार वाटे. ती घामाघूम होई, पण वळत नसे. शेवटी तो आवाजच ती गाणे ऐकावे तसा ऐकू लागली. धुण्याच्या वेळी समोरची भगिनी रुमाल आपटताना घाण पाणी तोंडावर उडवी. ही तोंड पुसून तिला लाजवीत नसे. जिच्याविषयी मनातून तिटकारा, तिच्याशी अशी हसून वागे की एक दिवस तिनेच विचारले, माझ्यात तुम्हाला एवढे आवडते तरी काय?

वाचकहो, हसू नका. जाऊबाईंच्या भांड्यांचा आवाज आणि वरच्या मजल्यावरचा रेडिओ ज्याने सोसला आहे, त्याला हे तप काय असते ते कळेल.

आणि त्या म्हाताऱ्या भगिनी सेंट पिएर. संध्याकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना त्यांना जेवणघरात न्यावे लागे. तेरेझाने आपण होऊन ते काम मागून घेतले. त्या वाळूचे घड्याळ हलवीत, की निघायचे. कमरपट्टा धरून चालवायचे. जरा भराभर चालले तर, मला पाडतेस! सावकाश चालले तर, हात सोडलास वाटते! जेवणघरात पोचल्यावर बाह्या ठराविक पद्धतीने दुमडायच्या. त्या अधू हातांना पाव कापता येत नाही हे तेरेझाच्या ध्यानात आले, तेव्हापासून तो कापून देऊन, हसून, मगच ती निघे.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी तिला दुरून वाद्यांचे सूर ऐकू आले. दिव्यांनी झगमगणारा दिवाणखाना, सोनेरी नक्षी, उंची वस्त्रे ल्यालेल्या तरुणी, सारे तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. इकडे मठाच्या अंधुक सोप्यात हाताशी कण्हणारी म्हातारी. ती दहा मिनिटे हजार वर्षांच्या मेजवान्यांशीही बदलून घेतली नसती, असे तिने लिहून ठेवले आहे. मग तिने कमरपट्टा पुन्हा नीट धरला असेल. पाव अजून कापायचा होता.