मोठ्या ट्रेलरला डिस्क ब्रेक हवेत का?

अमेरिकेत मोठा ट्रॅव्हल ट्रेलर किंवा फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर) विकत घ्यायला गेलं की विक्रेता आतलं स्वयंपाकघर दाखवतो, बटण दाबताच बाहेर सरकणारी बैठकीची खोली दाखवतो, पलंगाखालचे कप्पे उघडून दाखवतो. चाकांपाशी कुणी वाकत नाही. १२,००० ते १५,००० पौंडांचं हे घर पिकअप ट्रकमागून ताशी ६० मैलांच्या वेगाने धावणार असतं. ते थांबवायची सोय मात्र बहुतेक ट्रेलरांवर जुनीच असते: १२ इंची ड्रम, त्यात दोन ब्रेक शू आणि एक विद्युतचुंबक. हे काढून डिस्क ब्रेक आणि ते चालवणारा विजेचा हायड्रॉलिक पंप बसवावा का, यावर मालकांमध्ये बराच वाद आहे. निवृत्तीनंतर ट्रेलर घेऊन राष्ट्रीय उद्यानं पाहायचा बेत करणाऱ्या इथल्या मराठी कुटुंबांनीही त्याचा विचार करायला हवा, कारण खर्च काही हजार डॉलरचा आहे आणि प्रश्न जिवाचा.

आधी ड्रमची बाजू पाहू, कारण ती उगाच हिणवली जाते. चालक पेडल दाबतो तेव्हा ट्रकमधला कंट्रोलर एका तारेतून ट्रेलरकडे वीज सोडतो. प्रत्येक चाकातला चुंबक सुमारे तीन अँपिअर वीज घेतो, फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटतो आणि त्याच्याबरोबर ओढला जातो. त्या ओढीने एक तरफ हलते, तरफ पुढचा शू ड्रमवर दाबते आणि पुढचा शू मागच्याला रेटतो. चाकाच्या फिरण्यातूनच ब्रेकचा जोर वाढत जातो, त्यामुळे थोड्याशा विजेत काम भागतं. यात ब्रेक ऑइल नाही, नळ्या नाहीत, पंप नाही. चाकाचा आख्खा ब्रेक संच शंभर डॉलरच्या आसपास मिळतो आणि कुठल्याही गावातलं ट्रेलर दुरुस्तीचं गॅरेज तो दुपारभरात बदलून देतं. एका चाकाचा ब्रेक गेला तरी उरलेले तीन लागतात. सपाट मुलखात, सात-आठ हजार पौंडांच्या ट्रेलरवर, नीट ठेवलेला ड्रम चोख काम करतो.

अडचण घाटात सुरू होते. १२,००० पौंड म्हणजे सुमारे ५,४४० किलो. हे वजन ताशी ६० मैलांवरून पूर्ण थांबवताना जवळपास २० लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला इंटरस्टेट ५ वर ग्रेपव्हाइनचा उतार आहे, साधारण पाच मैलांचा आणि सहा टक्क्यांचा. तिथून हाच ट्रेलर खाली आणला की उंची सुमारे ४८० मीटरनी कमी होते आणि अडीच कोटी ज्यूलहून अधिक ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ६० वरून लागोपाठ तेरा वेळा थांबावं, एवढी ही ऊर्जा आहे. यातला मोठा वाटा हवेचा रोध, ट्रकचं इंजिन आणि डिझेल ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेक उचलतात. म्हणून तर उतारावर खालचा गिअर टाकायचा असतो, हे बोरघाट उतरलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. पण वळण आलं, पुढची गाडी अचानक थांबली की उरलेला सगळा भार ब्रेकवर येतो. बंदिस्त ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब सरतो. शूवरच्या घर्षणाच्या थराची, लायनरची, पकड कमी होते. चालक पेडल आणखी दाबतो आणि ट्रेलर ट्रकला ढकलत राहतो.

डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने निवते. तापून फुगली तरी ती पॅडच्या दिशेनेच फुगते. पाण्यातून गेली तर दोन-चार फेऱ्यांत कोरडी होते. ड्रमचा एक घरगुती रोगही तिला सहसा होत नाही. बेअरिंगमध्ये ग्रीसगनने ग्रीस भरण्याची सोय असलेल्या ॲक्सलवर कुणी हात सैल सोडला, की ग्रीस सील ओलांडून आत उतरतं. अशा चाकाचा ड्रम काढून पाहा: लायनरवर काळपट, चिकट थर, चुंबकाच्या तोंडावर तोच राप. लायनर एकदा ग्रीस प्यायलं की पुसून भागत नाही, बदलावंच लागतं. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. शिवाय ॲक्सलच्या पोकळ नळीतून जाणारी ब्रेकची तार हादऱ्यांनी घासून सोलवटते आणि चाकापर्यंत वीज अर्धवट पोचते. आपल्या ट्रेलरचे ब्रेक मुळात मऊच आहेत असं मानून चालणाऱ्या अनेकांचे ब्रेक प्रत्यक्षात बिघडलेले असतात.

तेव्हा डिस्क उत्तम, हे मान्य. पण डिस्क एकटी येत नाही. ड्रमसारखी स्वतःचा जोर वाढवण्याची सोय तिच्यात नसल्याने तिला दाब फार लागतो: हायड्रॉलिक ड्रमला प्रति चौरस इंच १,००० पौंडांचा पंप पुरतो, तर डिस्कला १,६०० चा लागतो. ट्रकच्या कंट्रोलरचा इशारा घेऊन हा दाब तयार करणारी पेटी ट्रेलरच्या पुढच्या भागात बसवतात आणि ती ट्रेलरच्या बॅटरीवर चालते. सगळ्या शंका या पेटीपाशी येऊन थांबतात. तिची अर्थिंगची तार गंजली, फ्यूज उडाला, बॅटरी उतरली किंवा मोटर जळाली, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. ट्रकपासून ट्रेलर सुटला तर त्याला जागच्या जागी थांबवणारा ब्रेकअवे स्विचही याच पेटीवर आणि याच बॅटरीवर अवलंबून असतो. विरोधकांचा हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो आणि डिस्कचे चाहते तो फार चटकन बाजूला सारतात.

दुसरा आक्षेप उशिराचा. पंपाला दाब उभा करायला क्षणभर लागतो. कडाक्याच्या थंडीत ब्रेक ऑइल दाट झालं की अधिकच. ताशी ६० मैलांच्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे ४४ फूट. ट्रेलर डोलायला लागला, की कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे आणि त्याला सरळ करायचं, अशी रीत आहे. तिथे हा उशीर जाणवू शकतो. चांगल्या पंपात तो फार थोडा असतो आणि पुढची घट्ट पकड त्याची भरपाई करते, म्हणून या मुद्द्यावर मी डिस्कच्या बाजूने झुकतो. कंट्रोलर आणि पंप जुळण्याचा प्रश्नही आता बराच सुटला आहे. नव्या मोठ्या पिकअप ट्रकांच्या मेनूत अशा ब्रेकसाठी वेगळी निवड असते. काही जुन्या ट्रकांना मात्र पंप जोडलेला आहे हेच ओळखता येत नाही, आणि मधे जोडणी घालावी लागते. उरली देखभाल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दर दोनेक वर्षांनी बदलावं लागतं, नळ्यांचा गंज आणि गळती पाहावी लागते. वर्षातले दहा महिने अंगणात उभ्या राहणाऱ्या ट्रेलरच्या मालकाला हे जमणार आहे का, हे त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं.

मला खरी तक्रार करायची आहे ती कारखान्यांबद्दल. अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही, म्हणजे अशी राहण्याची वाहनं आणि ट्रेलर, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात तयार होतात. ॲक्सल ड्रम आणि चुंबकांसह जोडूनच तिथे येतात आणि किंमत कमी ठेवण्याच्या चढाओढीत सर्वात स्वस्त जोडणी निवडली जाते. ट्रेलरला ब्रेक हवेत एवढं कायदा सांगतो, अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे आणि कॅलिफोर्नियात राहण्याच्या ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच. ड्रम की डिस्क, यात तो पडत नाही. एअर ब्रेकच्या नव्या मालवाहू ट्रेलरांना १९९८ पासून एबीएस सक्तीचं आहे. कुटुंबाला घेऊन त्याच रस्त्याने जाणाऱ्या या ट्रेलरांना तशी सक्ती नाही. कारखान्यात ॲक्सल बसवतानाच डिस्क घेतली तर खर्च नंतर सगळं उचकटून बसवण्यापेक्षा कितीतरी कमी पडतो. काही महागड्या मॉडेलांवर ती मिळते. तिथून ती खाली यायला हवी, निदान मागितली तर मिळायला हवी.

माझं मत असं आहे. ट्रेलर भरलेल्या वजनाने १२,००० पौंडांच्या पुढे असेल आणि रॉकी किंवा सिएराचे घाट नेहमीचे असतील, तर डिस्कवर पैसे घाला. मात्र पंपाला जाड तार, पक्कं अर्थिंग आणि भरवशाची बॅटरी द्या, नाहीतर जुना ड्रमच बरा. ट्रेलर आठ हजारांच्या आत आणि रस्ते सपाट असतील, तर ते पैसे चांगल्या टायरांवर, नव्या शूंवर आणि जाड तारांवर खर्च करा. मधल्या वजनाच्या मालकांनी आधी आहेत ते ड्रम उघडून, साफ करून, शू नीट लावून चालवून पाहावेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागेल. भागलं नाही, तर डिस्कचा खर्च डोळसपणे केलेला असेल.

ब्रेक कुठलेही असोत, पुढच्या सफरीआधी मोकळ्या जागेत ब्रेकअवे स्विचची पिन ओढा आणि ट्रक अगदी हळू पुढे घेऊन पाहा. पंप असेल तर त्याचा आवाज यायला हवा आणि चाकं जागच्या जागी अडायला हवीत. अडली नाहीत, तर ट्रेलर त्या दिवशी रस्त्यावर काढू नका.