एक इंजिन पुरे!

गेल्या दिवाळीत प्रताप नगरातील एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. चकली हातात पडते न पडते तोच यजमानांनी काचेचे कपाट उघडले. आत शंटिंगची चिमुकली डिझेल इंजिने ओळीने उभी होती, मोजून एकतीस! १९४० साली अमेरिकेत निघालेले ॲल्को एस-२ तर तीन रंगांत होते. "ही धावतात कुठे?" मी विचारले. "रूळ अजून मांडायचे आहेत," ते म्हणाले. हे उत्तर नऊ वर्षांचे जुने आहे, अशी दुरुस्ती स्वयंपाकघरातून आली.

मला या छंदाविषयी आकस नाही. आहे तो या संग्रहाविषयी. मेल ओढणारे इंजिन काचेआड उभे केले तरी त्याचा रुबाब राहतो. शंटिंगचे इंजिन म्हणजे यार्डातला हमाल. डबे तोडावेत, जोडावेत, लावावेत, हाच त्याचा जन्म. ते काम काढून घेतले की उरते एक रंगीत खोके. हमालाला कपाटात उभे करून त्याचे कौतुक करणे ही त्याची थट्टा आहे.

बरे, कामाला जागा तरी किती लागते? इंग्लंडातील ॲलन राइट यांनी 'इंगलनुक' नावाची एक मांडणी केली. तीन फाटे, एकावर पाच डबे मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. आठ डब्यांतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायचे आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात. एक फळी, एक इंजिन, आणि जन्मभर पुरेल एवढा डोक्याला खुराक! मग बाकीची तीस इंजिने कशासाठी?

यावर आमचे स्नेही म्हणतात, "देशी नमुने बाजारात सहज कुठे मिळतात? परदेशीच घ्यावे लागतात." बाजारात नाही म्हणून करू नये, हे छंदी माणसाचे बोलणे नव्हे, गिऱ्हाइकाचे झाले. आणि जरा हिशेब मांडा. सत्त्याऐंशीपट लहान केलेल्या नमुन्यांचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात. आपली १६७६ मिलिमीटरची मोठी लाईन त्या मापात एकोणीसच्या वर जाते. ती त्यावर बसत नाही. पण नागपूरची छोटी लाईन ७६२ मिलिमीटरची. भागून पाहा, पावणेनऊ येतात. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ जगभर विकत मिळतात. जे आपल्या अंगणातले तेच बरोबर बसते, याला काय म्हणावे!

आता मुद्द्याची गोष्ट. ती छोटी लाईन राहिलेली नाही. छिंदवाड्याची गाडी २०१५ साली थांबली, नागभीडची २०१९ साली. मोतीबागेत २००२ पासून नॅरो गेजचे संग्रहालय आहे, ते आहे म्हणून बरे. पण संग्रहालय इंजिन जपते. काम जपत नाही. कोणत्या फाट्यावर किती डबे मावत, कोणता सांधा कुरकुरे, शेवटच्या काळातले झेडडीएम जातीचे डिझेल डब्यांना लावताना सांधेवाला कोठे उभा राही, हे कोठल्याही कपाटात नाही. ते निवृत्त माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे याच शहरात म्हातारी होत आहेत. त्यांच्याकडे टेप आणि वही घेऊन जाणारा एकही छंदी मला अद्याप भेटलेला नाही. अमेरिकेच्या पार्सलाची वाट पाहणारे मात्र पुष्कळ.

"पैसा माझा, हौस माझी," असे कोणी म्हणेल. कबूल. पण पुण्यात भाऊ जोशी यांच्या चिमुकल्या रेल्वेच्या संग्रहालयात १९९८ पासून लोक जातात, ते इंजिने मोजायला नव्हे. गाड्या धावताना पाहायला. दिवाळीत पोरेही मावळे बाजारातून आणतात, पण किल्ला आपल्या हाताने रचतात. मावळ्यांवर मावळे आणून किल्लाच न करणाऱ्या पोराला आपण हसू की नाही?

तेव्हा स्नेह्यांना माझे सांगणे एवढेच: तीस इंजिने विका, एक ठेवा. आलेल्या पैशांत फळी, रूळ आणि एक वही घ्या. इतवारीचा एक जुना सांधेवाला गाठा, त्याला चहा पाजा आणि विचारा, "पहिला डबा कुठून काढायचा?"