कुंपणच शेत खाते तेव्हा

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात दोन दशके सेवा केलेला, बोलिव्हियात राजदूत म्हणून मिरविलेला आणि एके काळी राष्ट्राध्यक्षांच्या राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या कार्यालयात बसलेला मॅन्युएल रोचा हा गृहस्थ २०२३ च्या डिसेंबरात मायामी येथे पकडला गेला. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा इसम क्यूबाच्या हेरखात्याची चाकरी इमाने इतबारे करीत होता! २०२४ च्या एप्रिलात त्याने गुन्हा कबूल केला व त्यास १५ वर्षांची शिक्षा झाली. क्यूबा म्हणजे फ्लोरिडाच्या टोकापासून नव्वद मैलांवरचे एक गरीब बेट. अमेरिका म्हणजे जगातील सर्वांत धनाढ्य सत्ता. आकाशात तिचे उपग्रह, समुद्रतळाशी तिचे कान. असे असता स्वतःच्याच दिवाणखान्यात बसलेला फितूर तिला चार दशके दिसू नये, याचा अर्थ काय? हा प्रश्न एकट्या रोचाचा नाही. अमेरिकेच्या प्रतिहेरगिरीच्या साऱ्या इतिहासाचाच तो प्रश्न आहे. आणि त्याचे जे उत्तर आम्हांस दिसते, ते लोकशाहीने राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक राष्ट्राने ध्यानी धरावे असे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हेरगिरी हे मुळातच नीच कर्म होय, असे आम्ही मानीत नाही. बहिर्जी नाईकांचे नाव आदराने घेणाऱ्या महाराष्ट्रास ते कोणी शिकवूही नये. अमेरिकेचे स्वातंत्र्यही काही अंशी हेरांनीच राखले. नेथन हेल हा तरुण शिक्षक १७७६ मध्ये इंग्रजांच्या हाती सापडून फासावर चढला, तेव्हा वॉशिंग्टनने धडा घेतला. आणि दोन वर्षांत टॉलमॅज या अधिकाऱ्याच्या हाताखाली न्यूयॉर्क परिसरात ‘कल्पर’ मंडळींचे जाळे उभे राहिले. अदृश्य शाई, माणसांच्या नावांऐवजी आकडे, असे सारे शास्त्र तेथे होते. खुद्द वॉशिंग्टनचा आकडा ७११ होता. त्याच युद्धात १७८० साली सेनापती बेनेडिक्ट अर्नोल्ड याने वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या घशात घालण्याचा घाट घातला. आपल्याकडे फितुरास सूर्याजी पिसाळ म्हणतात. अमेरिकेत बेनेडिक्ट अर्नोल्ड म्हणतात. सारांश, हेर आणि फितूर ही जोडी त्या राष्ट्राच्या पाळण्यापासून त्याच्या सोबतीला आहे.

तरीही दीर्घकाळ या विद्येची अमेरिकेस लाजच वाटत होती. १९२९ साली परराष्ट्रमंत्री स्टिमसन यांनी परकीयांचे सांकेतिक संदेश उलगडणारी आपली कचेरी बंद पाडली. दुसऱ्याची पत्रे वाचणे सभ्य माणसास शोभत नाही, अशी त्यांची धारणा. बारा वर्षांनी, ७ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि ही सभ्यता त्या आगीत जळून गेली. युद्ध संपले, रशियाशी बिनसले, आणि १९४७ मध्ये कायद्याने सी. आय. ए. ही संस्था जन्मास आली. १९५२ मध्ये संदेश चोरून ऐकणारी एन. एस. ए. निघाली. देशांतर्गत हेर शोधण्याचे काम हूवर यांच्या एफ. बी. आय.कडे आधीपासून होतेच. लंबक एका टोकावरून सुटला तो थेट दुसऱ्या टोकास जाऊन भिडला.

हेरगिरी म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे. प्रतिहेरगिरी म्हणजे आपल्या घरात कोण डोकावतो आहे ते पाहणे. दुसरे काम पहिल्याहून अवघड, कारण त्याचे भांडवल म्हणजे संशय. आणि तोही बहुधा आपल्याच माणसांवरचा. संशय हा वैद्याच्या बचनागासारखा आहे. गुंजभर पोटात गेला तर औषध, मूठभर गेला तर मरण. अमेरिकेने दोन्ही प्रयोग करून पाहिले.

१९४० च्या दशकात सोव्हिएत हेर अमेरिकेत होते, ही काही भयगंडातून निघालेली कल्पना नव्हती. ‘व्हेनोना’ या गुप्त नावाने सोव्हिएत तारांचा उलगडा १९४३ पासून चालला होता, आणि अणुबाँबची गुपिते मॉस्कोस पोचल्याचा पुरावा त्यातूनच हाती आला. हे काम मूठभर गणिती आणि भाषापंडित मुकाट्याने करीत होते. त्याच वेळी, १९५० पासून, सिनेटर मॅकार्थी व्यासपीठावरून देशद्रोह्यांच्या याद्या फडकावीत होते. त्यांच्या गर्जनांतून एकाही हेराचा गुन्हा न्यायालयात शाबीत झाला नाही; नोकऱ्या मात्र पुष्कळ निरपराध्यांच्या गेल्या. १९५४ मध्ये सिनेटनेच त्यांचा निषेध केला. पुरावा शांतपणे काम करतो आणि संशय आरोळ्या ठोकतो, हा भेद त्या वेळीच ओळखता आला असता. तो ओळखला गेला नाही.

कारण त्याच वर्षी, १९५४ मध्ये, सी. आय. ए.च्या प्रतिहेर विभागाची सूत्रे जेम्स अँगलटन यांच्या हाती आली आणि ती पुढे वीस वर्षे तेथेच राहिली. हा मनुष्य विद्वान, काव्यप्रेमी, ऑर्किडची फुले वाढविणारा. ब्रिटिश हेरखात्याचा किम फिल्बी हा त्यांचा जिवलग मित्र. १९४९ ते १९५१ या काळात फिल्बी वॉशिंग्टनला होता, तेव्हा दोघांची जेवणे वरचेवर एकत्र होत. हा फिल्बी १९६३ मध्ये बैरूतहून निसटून मॉस्कोस पोचला. तो जन्मभर सोव्हिएत हेर होता! ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच गळा कापला म्हटल्यावर अँगलटन यांनी पुढे कोणावरच विश्वास ठेवला नाही. त्यात गोलित्सिन नावाचा सोव्हिएत अधिकारी १९६१ मध्ये पळून आला होता. आपल्यामागून येणारा प्रत्येक पळपुटा खोटा असेल आणि सी. आय. ए.मध्ये एक घरभेदी दडला आहे, असे त्याने सांगितले. अँगलटन यांस तेच ऐकावयाचे होते.

मग जे घडले ते वाचून मन विषण्ण होते. १९६४ मध्ये नोसेन्को हा दुसरा अधिकारी आश्रयास आला. अँगलटन आणि सोव्हिएत विभागातील त्यांच्या मताचे अधिकारी यांनी त्यास खोटा ठरविले व १,२७७ दिवस कोंडून ठेवले. त्यांपैकी बराच काळ खास त्याच्यासाठी बांधलेल्या, खिडकी नसलेल्या काँक्रीटच्या कोठडीत. ना खटला, ना वकील. अखेर तो निर्दोष ठरला. सी. आय. ए.ने त्यास क्षमायाचनेचे पत्र दिले ते २००८ च्या जुलैत, त्याच्या मृत्यूपूर्वी जेमतेम महिनाभर. इकडे खात्यातील कित्येक निष्ठावंत अधिकाऱ्यांची कारकीर्द नुसत्या संशयावर संपली. वीस वर्षांच्या या मृगयेत घरभेदी एकही सापडला नाही.

१९७४ च्या डिसेंबरात अँगलटन यांस जावे लागले आणि खाते सुटकेचा निःश्वास टाकून स्वस्थ झाले. आमच्या मते अनर्थाचे खरे बीज येथेच पडले. संशयाचा इतका विटाळ झाला होता की सहकाऱ्यावर शंका घेणे हेच असभ्यपणाचे लक्षण ठरले. अतिरेकी संशय हा गाफीलपणाचा शत्रू नव्हे, बाप आहे. लांडगा आला, लांडगा आला, असे वीस वर्षे ऐकलेल्या गावाने दारे उघडी टाकली. आणि लांडगा खरोखरच आला.

तो अल्ड्रिच एम्स. बाप याच खात्यातला, मुलगाही याच खात्यात. आणि जागा कोणती? तर सोव्हिएत विभागातील प्रतिहेर शाखेचा प्रमुख! १९८५ च्या एप्रिलात तो वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीत आपल्या पायांनी चालत गेला आणि अमेरिकेसाठी काम करणाऱ्या रशियनांची नावे त्याने विकली. त्यांपैकी किमान दहा जणांस प्राणास मुकावे लागले. पोल्याकोव्ह हा सेनाधिकारी त्यांतलाच. १९८८ मध्ये त्यास गोळी घालण्यात आली. एम्सचे वार्षिक वेतन सत्तर हजार डॉलरांहून कमी. त्याने ५ लाख ४० हजार डॉलरांचे घर रोख घेतले, जग्वार गाडी उडविली. शाळेतील पोराला सुटणारे हे त्रैराशिक महासत्तेच्या हेरखात्यास नऊ वर्षे सुटू नये! १९८६ आणि १९९१ या दोन्ही साली तो खोटे ओळखणाऱ्या यंत्राच्या चाचणीत उत्तीर्ण झाला. यंत्रास जे दिसले नाही ते दोन स्त्रियांनी पाहिले. जीन व्हर्टफे आणि सँडी ग्राइम्स यांनी एम्सच्या बँकेतील भरण्याच्या तारखा एका बाजूस आणि सोव्हिएत वकिलातीतील अधिकाऱ्याशी त्याने घेतलेल्या भोजनांच्या तारखा दुसऱ्या बाजूस मांडल्या. १७ मे १९८५ रोजी भोजन, १८ मे रोजी बँकेत ९,००० डॉलर! असे जुळत गेले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये एम्सच्या हातांत बेड्या पडल्या. अँगलटन यांच्या वीस वर्षांच्या तर्कटाने जे साधले नाही ते चिकाटीने मांडलेल्या टिपणवहीने साधले.

पण धडा एका घराने घेतला म्हणून शेजारच्या घराने घेतला असे नाही. एफ. बी. आय.चा रॉबर्ट हॅन्सन १९७९ पासून, मध्ये खंड पाडीत, मॉस्कोस कागद पुरवीत होता. तोही प्रतिहेर विभागातलाच. घरभेद्याचा शोध घेणारा अभ्यास करण्याचे काम एकदा त्याच्याकडेच सोपविण्यात आले, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! एफ. बी. आय.ला तोवर संशय होता तो सी. आय. ए.च्या एका निर्दोष अधिकाऱ्याचा. त्यास घरी बसविले, त्याच्या आप्तांच्या उलटतपासण्या केल्या. आपल्या घरात चोर असेल हे मनातच येईना. शेवटी एका माजी रशियन हेराकडून लक्षावधी डॉलर मोजून कागदपत्रे आणली. त्यांसोबतच्या ध्वनिफितीवरचा आवाज आणि पिशवीवरचे ठसे हॅन्सनचे निघाले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी व्हर्जिनियातील एका उद्यानात तो पकडला गेला. फिल्बी, एम्स, हॅन्सन — तिघेही राखणदार. कुंपणच शेत खात होते.

आणि ज्या वेळी कुंपण शेत खात होते, त्या वेळी राखणदारांच्या काठ्या कोणाच्या पाठीवर पडत होत्या? १९५६ ते १९७१ या काळात एफ. बी. आय.ने ‘कॉइंटेलप्रो’ नावाखाली आपल्याच नागरिकांच्या संघटना फोडल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खोल्यांत ध्वनिग्राहक दडविले आणि १९६४ मध्ये त्यांस आत्मघातास प्रवृत्त करणारे निनावी पत्र धाडले. अँगलटन यांच्या विभागाने टपालातील दोन लाखांहून अधिक पत्रे फोडली. लॉस अलामोसचे शास्त्रज्ञ वेन हो ली यांस १९९९ मध्ये ५९ आरोप ठेवून नऊ महिने एकांतकोठडीत टाकले. अखेर एकच आरोप उरला आणि भर न्यायालयात न्यायाधीशांस त्यांची क्षमा मागावी लागली. परक्याच्या चेहऱ्यावर संशय आणि आपल्या चेहऱ्यावर विश्वास, हा न्याय तर नव्हेच. पण ती चांगली प्रतिहेरगिरीही नव्हे.

अमेरिकेच्या पदरी एक श्रेय मात्र मोकळेपणाने घातले पाहिजे. हे सारे तिने स्वतःच उघड केले. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने गुप्त खात्यांस साक्षीस उभे केले. त्यातून दोन्ही सभागृहांच्या कायम समित्या निघाल्या आणि १९७८ मध्ये चोरून ऐकण्यास परवानगी देणारे खास न्यायालय आले. ही व्यवस्था पुरी पडली काय? त्या न्यायालयाने १९७९ ते २०१२ या काळात तेहेतीस हजारांहून अधिक अर्ज मंजूर केले. नाकारलेले बोटांवर मोजण्याइतके. २०१३ मध्ये स्नोडेन याने कागद बाहेर काढले, तेव्हा कोट्यवधी नागरिकांच्या दूरध्वनींची नोंद ठेवली जात असल्याचे कळले. पहारेकऱ्यावर नेमलेला पहारेकरीही पेंगतो. तरीही पेंगणारा बरा. त्यास जागे तरी करता येते. मुळीच नसेल तर कोणास हाक मारावी?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १९६५ च्या ऑक्टोबरात सी. आय. ए. आणि आपले गुप्तवार्ता खाते यांनी मिळून चीनच्या शस्त्रचाचण्यांवर कान ठेवण्यासाठी नंदादेवीच्या पर्वतावर प्लुटोनियमवर चालणारे यंत्र चढविले. हिमवादळामुळे ते वाटेतच ठेवावे लागले. पुढल्या वर्षी जाऊन पाहतात तो ते नाहीसे! ज्या पर्वताचे पाणी गंगेस मिळते तेथे ही वस्तू हरवली, हे भारतीय संसदेस समजले ते १९७८ मध्ये, अमेरिकेतील एका नियतकालिकाने वाचा फोडल्यावर. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्या वेळी सभागृहात ते मान्य केले. चीनवर नजर ठेवणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. तेरा वर्षे लोकप्रतिनिधींपैकी कोणासही विचारण्याची सोय नसावी, ही चूक. आपली ‘रॉ’ ही संस्थाही १९६८ मध्ये संसदेच्या कायद्याने नव्हे, सरकारी आदेशाने निघाली, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

गुप्त खात्यांवर लोकप्रतिनिधींची नजर असली की देशाची सुरक्षितता धोक्यात येते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. अमेरिकेचा इतिहास नेमके उलटे सांगतो. अँगलटन यांस विचारणारे कोणी नव्हते, म्हणून ते वीस वर्षे चुकत राहिले. आणि त्या चुकीच्या विटाळातून एम्स निपजला. ज्या खात्यास कोणी जाब विचारीत नाही ते नागरिकांचे स्वातंत्र्य तर गमावतेच, पण ज्यासाठी ते गमावले तो हेरही त्यास सापडत नाही. राखणदार हवा, तो जागा हवा, त्याच्या हाती काठीही हवी. पण महिन्याकाठी शेताच्या धन्याने बांधावरून एक फेरी मारली पाहिजे. लोकशाहीत हा धनी म्हणजे तुम्ही-आम्ही. आपणच फेरी विसरलो, तर पीक कोणी नेले हे विचारण्याचा अधिकार तरी आपणांस उरेल काय?